तेलाचं भांडं कोणी सांभाळायचं?
जोखमीचं गर्भारपण, सक्तीची विश्रांती आणि बाळंतपणाची तयारी

मागचं व्याख्यान संपल्यावर एक बाई आम्हाला जिन्यापाशी भेटल्या. म्हणाल्या, "सर, माझ्या मुलीला बेडरेस्ट सांगितली आहे. सातवा लागलाय. तुमच्या तत्त्वज्ञानात यावर काही आहे का हो?" आजूबाजूचे हसले, आम्हीही हसलो. घरी जाताना मात्र आमच्या लक्षात आलं, की हा प्रश्न आमच्या स्वतःच्या घरात येऊन गेलेला आहे आणि त्या वेळी आम्ही त्याचं उत्तर साफ चुकवलं होतं. तेव्हा आजचा विषय तोच. आम्ही डॉक्टर आहोत ते तत्त्वज्ञानातले, हे आधीच सांगून ठेवतो. इथं ऐकून कोणी खाटेवरून उठू नका आणि कोणी खाट धरूही नका. तुमच्या डॉक्टरांना काय विचारायचं, एवढं नक्की घेऊन जा.

आमच्या घरची गोष्ट अशी. अकरा वर्षांपूर्वी आमच्या सुनेला अठ्ठाविसावा आठवडा लागला होता. तपासणीत कळलं, की गर्भपिशवीचं तोंड आखूड झालं आहे, दिवस भरण्याआधी बाळंतपण होऊ शकतं. कागदावर दोन शब्द लिहून मिळाले, 'कम्प्लीट बेडरेस्ट'. आम्ही बदलापूर पूर्वेला तिसऱ्या मजल्यावर, इमारतीला लिफ्ट नाही. तिला वर आणलं, खाट खिडकीशी सरकवली आणि घरातल्या सगळ्यांनी तिच्यावर पहारा सुरू केला. पहारा हाच शब्द बरोबर आहे. आम्ही सकाळी फिरून आलो की दारातूनच विचारत असू, "उठली नाहीस ना?" दोन आठवड्यांनी ती शांतपणे म्हणाली, "बाबा, मी कशी आहे असं तुम्ही विचारतच नाही. मी आडवी आहे ना, एवढंच विचारता."

दोन शब्दांचा अर्थ काय?

आधी जोखीम म्हणजे काय ते पाहू. रक्तदाब १४०/९० किंवा त्याहून जास्त, मधुमेह, तीव्र रक्तक्षय, जुळं, वार खाली असणं, आधीचं बाळंतपण वेळेआधी झालेलं असणं, पिशवीचं तोंड आखूड होणं, ही त्याची नेहमीची कारणं. प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियान २०१६ मध्ये सुरू झालं. त्यात दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यांत गर्भवतींची मोफत तपासणी होते आणि जोखीम दिसली तर माता-बाल कार्डावर लाल स्टिकर लागतो. तो स्टिकर पाहून घाबरायचं कारण नाही. 'हिच्याकडे जास्त लक्ष द्या' असं तो इतरांना सांगत असतो. 'इतरांना' हा शब्द लक्षात ठेवा, पुढे कामाला येणार आहे.

आता 'बेडरेस्ट'. या एका शब्दाखाली निदान चार वेगवेगळ्या गोष्टी चालतात. एक, जड काम आणि प्रवास बंद, बाकी घरात हिंडाफिरायला हरकत नाही. दोन, दिवसातून ठरावीक तास आडवं व्हायचं. तीन, न्हाणीघर आणि जेवण एवढ्यापुरतंच उठायचं. चार, रुग्णालयात दाखल होऊन देखरेखीखाली राहायचं. कागदावर चारही गोष्टींना एकच नाव. मग घरोघरी ज्याला जो अर्थ सुचेल तो लागू होतो, आणि भीतीपोटी नेहमी सगळ्यात कडक अर्थ निवडला जातो.

म्हणून पहिली तयारी म्हणजे प्रश्न. कशासाठी झोपायचं? किती झोपायचं? जिना, आंघोळ, बसून जेवणं चालेल का? किती दिवसांनी पुन्हा तपासून हे ठरवायचं? आणि यापेक्षा नक्की उपयोगी असा दुसरा उपाय माझ्या बाबतीत आहे का? हे पाच प्रश्न कागदावर लिहून न्या. डॉक्टरांना विचारणं म्हणजे त्यांचा अपमान नव्हे.

खाटेत गुण आहे का?

शेवटचा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा. आपल्याला वाटतं, झोपून राहण्यात नुकसान ते काय? वैद्यकाने मात्र हे तपासून पाहिलं आहे. जगभरच्या चाचण्या एकत्र करून पाहणाऱ्या कॉक्रेन या संस्थेच्या आढाव्यात, एकच बाळ असताना वेळेआधीचं बाळंतपण टाळायला झोपून राहण्याचा उपयोग होतो, याचा पुरावा मिळाला नाही. गर्भारपणात रक्तदाब वाढला तरी सक्त बेडरेस्टची शिफारस जागतिक आरोग्य संघटना २०११ पासून करत नाही. अमेरिकेत २०१३ मध्ये पिशवीचं तोंड आखूड असलेल्या बायकांची आकडेवारी प्रसिद्ध झाली. ज्यांच्या हालचालींवर बंधनं घातली होती त्यांच्यात ३७ टक्के बाळंतपणं वेळेआधी झाली, बंधनं नव्हती त्यांच्यात १७ टक्के. यावरून 'झोपल्यामुळेच बाळंतपण लवकर होतं' असं म्हणायची घाई नको. कदाचित ज्यांची जोखीम मुळातच जास्त होती, त्यांनाच झोपवलं असेल. पण झोपणं हे रामबाण नाही, एवढं तरी त्यातून दिसतं.

आणि नुकसान आहे. गर्भारपणात रक्त गोठण्याची प्रवृत्ती मुळातच वाढलेली असते. त्यात आठवडेच्या आठवडे पाय हलले नाहीत की पायाच्या शिरेत गुठळी होण्याचा धोका वाढतो. स्नायू सैलावतात, हाडं झिजतात, मन खचतं आणि पगार बुडतो. म्हणूनच कारण विचारायचं.

मग रुग्णालयात दाखल का करतात? उदाहरणार्थ, वार खाली असेल आणि रक्त जात असेल तर दाखल करून ठेवतात. गादीत काही औषध असतं म्हणून नव्हे. रक्त, शस्त्रक्रियागृह आणि भूलतज्ज्ञ हाकेच्या अंतरावर असतात म्हणून. म्हणजे सुरक्षितता खाटेत नाही, खाटेपासून मदत किती लांब आहे त्यात आहे. आपल्या उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूरसाठी हा मुद्दा फार मोलाचा आहे. त्याकडे येतोच.

कुंभाराचं गाढव

आता थोडं आमच्या विषयाकडे. न्यायदर्शनात कारणाची चर्चा करताना घड्याचं उदाहरण नेहमी येतं. माती, चाक, कुंभार ही घड्याची कारणं. माती वाहून आणणारं गाढवही घड्याआधी तिथं हजर होतं, मग तेही कारण का नाही? नैयायिक सांगतात, नाही. ते आधी होतं, पण त्याच्यावाचून घडा अडला नसता. अशाला ते 'अन्यथासिद्ध' म्हणतात. आपण साध्या भाषेत म्हणतो, कावळा बसायला आणि फांदी तुटायला.

वेळेआधी बाळंतपण झालं की घरोघरी असं गाढव शोधलं जातं. 'त्या दिवशी ती वाळत घातलेले कपडे काढायला गेली होती.' 'वाकून पडलेला चमचा उचलला.' 'रात्री रडली.' अहो, त्या महिन्याभरात तिनं हजार गोष्टी केल्या. त्यातली एक निवडून आपण तिच्या गळ्यात बांधतो.

या जागी एका माणसाची आठवण काढायलाच हवी. डॉ. विठ्ठल नागेश शिरोडकर, जन्म १८९९, गोव्यातल्या शिरोड्याचे. मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात त्यांनी शिकवलं. काही बायकांचे दिवस चौथ्या-पाचव्या-सहाव्या महिन्यात पुन्हा पुन्हा जात. शिरोडकरांनी पाहिलं, की यातल्या काहींच्या पिशवीचं तोंडच वेळेआधी उघडतं. त्यावर टाका घालण्याची शस्त्रक्रिया त्यांनी १९५५ मध्ये मांडली. त्यासाठी त्या बाईच्याच मांडीतल्या पातळ आवरणाची पट्टी ते वापरत. आज जगभर तिला 'शिरोडकर टाका' म्हणतात. पिशवीला टाका घातलाय, असं आपल्याकडे बायका सहज बोलतात त्यामागे हे नाव आहे. आम्हाला यात शस्त्रक्रियेइतकीच मोठी वाटते ती विचाराची दिशा. ही बाई काय चुकली, हा प्रश्न बाजूला पडला आणि नेमकं कुठं बिघडतंय, हा प्रश्न पुढे आला. टाका प्रत्येकीला लागत नाही, चालतही नाही. काहींना प्रोजेस्टेरॉन दिलं जातं, रक्तदाबाची जोखीम असलेल्या काहींना आधीपासून कमी मात्रेचं अ‍ॅस्पिरिन. ते डॉक्टरांनी ठरवायचं. पण कारण शोधलं की उपाय निघतो आणि दोष शोधला की फक्त आरोपी मिळतो, एवढं शिरोडकरांकडून घेण्यासारखं आहे.

चरकाचं भांडं

या बाबतीत आपल्याकडे चरकाचा दाखला नेहमी दिला जातो. चरकसंहितेच्या शारीरस्थानात गर्भवतीला तेलानं काठोकाठ भरलेल्या भांड्याची उपमा आहे. जरा धक्का लागला की सांडेल. ही उपमा देऊन आजवर किती बायकांना दटावलं गेलं असेल! "तेलाचं भांडं आहेस तू, हलू नकोस."

पण मूळ वाक्याचं व्याकरण पाहा. तिथं गर्भवतीला आज्ञा केलेली नाही. तिची सेवा कशी करावी, हे सेवा करणाऱ्याला सांगितलं आहे. धक्का न लावण्याची अट त्याला आहे. आणि बरोबरच आहे. भरलेलं भांडं नेताना तेल सांडलं तर आपण भांड्याला रागावतो का? ज्याच्या हातात ते आहे त्यानं जपून चालायचं.

इतकी वर्षं संस्कृत ग्रंथ वाचूनही हे आमच्या लक्षात आलं नव्हतं. सुनेच्या त्या एका वाक्यानं ते लक्षात आणून दिलं. अर्थात उपमेलाही मर्यादा आहे. भांड्याला भीती वाटत नाही, कंटाळा येत नाही, मत नसतं. तिला ते सगळं असतं. म्हणून धक्का लागतो तो फक्त जिन्यावर नाही. "जुळं आहे, कठीणच असतं" असं सांगून जाणाऱ्या शेजारणीच्या बोलण्यानंही लागतो. घरी येणाऱ्यांना आवरणं हेही सांभाळणाऱ्याचं काम.

चरकानं दुसरी गोष्ट सांगितली आहे, ती तर अगदी आपल्या विषयाची. नववा महिना लागण्याआधी सूतिकागार म्हणजे बाळंतिणीची खोली बांधून, सामान जमवून ठेवावं आणि अनेकदा बाळंत झालेल्या, मायाळू, धीर देणाऱ्या बायका जवळ असाव्यात. म्हणजे बाळंतपणाची तयारी हे घराचं काम होतं. जोखमीच्या गर्भारपणात एवढाच फरक, की नवव्याची वाट पाहायची नाही. ही तयारी सातवा लागतानाच पुरी हवी.

घरानं करायची तयारी

आता आपल्या गावांकडे येऊ. पहिली गोष्ट पाणी. अंबरनाथ-बदलापुरात पाणी किती वाजता येईल आणि किती वेळ राहील, त्यावर घराचा दिवस बेतलेला असतो. हंडे-बादल्या भरणं हे जवळजवळ नेहमी बाईचं काम. ती आडवी झाल्यावर पाणी कोण भरणार? हे नावानिशी ठरवा. 'बघू' म्हणालात तर पहाटे नळाचा आवाज ऐकून तीच उठेल. स्वयंपाक, मोठ्या मुलाची शाळा, म्हाताऱ्यांची औषधं, सगळ्यांची तशीच वाटणी करा.

दुसरी गोष्ट पैसे. नोकरदार बाईला २०१७ पासून पहिल्या दोन मुलांपर्यंत २६ आठवड्यांची पगारी रजा आहे, पण बाळंतपणाआधी त्यातले जास्तीत जास्त ८ आठवडे घेता येतात. गर्भारपणातल्या आजारासाठी डॉक्टरांच्या दाखल्यावर आणखी एक महिन्यापर्यंत रजा मिळू शकते. तिची चौकशी आधी करा. आणि उल्हासनगरात घरी बसून जीन्सचे धागे कापणाऱ्या, नगावर मजुरी घेणाऱ्या बाईला? तिला रजा नाही. बेडरेस्ट म्हणजे उद्यापासून शून्य मजुरी. पहिल्या बाळासाठी मातृवंदना योजनेचे ५,००० रुपये मिळतात, त्यात महिने निघत नाहीत. म्हणून 'नुसतं झोपायचं तर आहे' हे वाक्य तिच्यासमोर उच्चारू नये.

तिसरी गोष्ट रस्ता. मघाशी म्हटलं, सुरक्षितता अंतरात आहे. तेव्हा विचारून ठेवा, बाळंतपण चौतिसाव्या आठवड्याआधी झालं तर नवजात बाळाचा अतिदक्षता कक्ष कुठं आहे? ठरवलेल्या दवाखान्यात तो नसेल तर पुढे कुठं पाठवतील, उल्हासनगर, कल्याण, ठाणे की मुंबई? ही चौकशी कळा सुरू झाल्यावर करायची नसते. त्यामागे पक्कं कारण आहे. बाळ लवकर येणार असं दिसलं की आईला स्टिरॉइडची इंजेक्शनं देतात, त्यानं बाळाची फुप्फुसं तयार व्हायला मदत होते. न्यूझीलंडमध्ये लिगिन्स आणि हॉवी या डॉक्टरांनी १९७२ मध्ये हे दाखवून दिलं. पण त्यांचा पुरा गुण यायला इंजेक्शन आणि जन्म यांत साधारण एक दिवस तरी जावा लागतो. वेळेत पोचणं म्हणजे बाळाला तो दिवस मिळवून देणं.

मग जिना. तिसऱ्या मजल्यावरून तिला खाली कसं आणणार? हातांची मजबूत खुर्ची आणि चार माणसं, त्यांचे फोन नंबर भिंतीवर. १०८ ही आणीबाणीची रुग्णवाहिका आणि १०२ ही गर्भवतींसाठीची, दोन्ही सरकारी आणि मोफत. शिवाय रात्री दोनला उठेल असा एक रिक्षावाला. आणि पावसाळा! २७ जुलै २०१९ ला बदलापूर-वांगणी दरम्यान महालक्ष्मी एक्स्प्रेस पुराच्या पाण्यात अडकली होती, आठवतंय ना? हजाराहून अधिक प्रवासी सुखरूप काढले, त्यांत नऊ गर्भवती होत्या. उल्हास नदीकाठी राहणाऱ्यांनी जोखमीच्या गर्भवतीला जुलैच्या भरवशावर ठेवू नये. पावसाचा इशारा आला की दवाखान्याजवळच्या नातेवाइकाकडे हलवता येईल का, हे डॉक्टरांना विचारून ठेवावं. मेळघाट-गडचिरोलीसारख्या दुर्गम भागात सरकारनं आरोग्य केंद्रापाशी 'माहेरघर' काढलं आहे, बाळंतपणाच्या काही दिवस आधी तिथं येऊन राहायचं. कल्पना तीच.

माहेरावरून आठवलं. पहिलं बाळंतपण माहेरी, हा आपला रिवाज. माहेर जळगावला किंवा कोकणात असेल आणि प्रवास बंद असेल तर? मग माहेरच इकडे आलं पाहिजे. तिची आई येऊन राहणार असेल तर सासरच्यांनी मानापमान गुंडाळून ठेवावेत.

तिची स्वतःची तयारी

तिनं काय करायचं? नुसतं दिवस मोजायचे? नाही. डॉक्टरांच्या परवानगीनं पडल्या पडल्या पावलं वर-खाली करणं, घोटे फिरवणं, कुशी बदलणं. भरपूर पाणी, चोथ्याचं अन्न, लोहाच्या गोळ्या. बाळाच्या हालचालीकडे रोज लक्ष. फाइल, कार्ड, रक्तगट, आधार एका पिशवीत. बाळ लवकर आलं तर उपयोगी पडेल असा पुढून उघडणारा सैल गाऊन.

तो गाऊन का, तेही सांगतो. कमी वजनाच्या बाळाला आईच्या उघड्या छातीशी धरून ठेवायचं, याला 'कांगारू' पद्धत म्हणतात. कोलंबियातल्या बोगोटा शहरात १९७८ च्या सुमारास ती सुरू झाली आणि आज जागतिक आरोग्य संघटना तिची शिफारस करते. हे बापालाही करता येतं, आजीलाही. ते आधीच वाचून, शिकून ठेवलं तर काचेच्या पेटीतलं बाळ पाहून हातपाय गळत नाहीत. 'सातव्यातलं जगतं, आठव्यातलं जगत नाही' हा समजही आताच मनातून काढून टाका. पोटातला प्रत्येक जादा आठवडा सहसा बाळाच्या फायद्याचाच असतो.

काही खुणा मात्र सगळ्यांना पाठ हव्यात. अंगावरून रक्त किंवा पाणी जाणं, दिवस भरण्याआधी ठरावीक अंतरानं कळा येणं, तीव्र डोकेदुखी, डोळ्यांपुढे अंधारी, पोटाच्या वरच्या भागात दुखणं, झटके, बाळाची हालचाल मंदावणं, एकच पाय सुजून दुखणं, धाप लागणं. यातलं काहीही झालं तर सकाळची वाट पाहायची नाही.

आणि तिला विचारा, तुला बाळंतपणाच्या वेळी जवळ कोण हवं? २०१६ पासून सरकारी रुग्णालयांतही सोबतीला एक बाई ठेवू देण्याची केंद्र सरकारची सूचना आहे. सिझर करावं लागलं तर तुला आधी काय समजून घ्यायचंय? शरीर आडवं असलं तरी निर्णय घेणारी तीच आहे.

आमच्या घरची गोष्ट पुरी करतो. चौतिसाव्या आठवड्यात पहाटे पाणी गेलं. नात झाली, एक किलो नऊशे ग्रॅमची, बारा दिवस अतिदक्षता कक्षात होती. तिथं बाकावर बसलेले असताना आम्ही सुनेला म्हणालो, "त्या दिवशी तू गच्चीवर गेली नसतीस तर…" पस्तीस वर्षं वर्गात कार्यकारणभाव शिकवलेल्या माणसाचं हे वाक्य. ती काही बोलली नाही. नात आता पाचवीत आहे, धडधाकट आहे. ते वाक्य मात्र तिच्या आईच्या मनातून गेलेलं नाही, आम्हाला ठाऊक आहे. माफी मागून झाली. पण असं एखादं वाक्य बोललं गेलं की ते परत घेता येत नाही.

तेव्हा जिन्यापाशी भेटलेल्या बाईंना आमचं उत्तर असं. बेडरेस्ट तुमच्या मुलीला सांगितली आहे, काम तुम्हा सगळ्यांना सांगितलं आहे. घरी गेलात की दारातून 'आडवी आहेस ना?' असं विचारू नका. खाटेपाशी बसा आणि 'कशी आहेस?' असं विचारा. मग ती जे सांगेल ते पुरतं ऐकून घ्या.

इथं थांबतो. प्रश्न असतील तर घेऊ.